पहिली पाच मिनिटे : फळ्यावरच्या रोजच्या प्रश्नाचा इतिहास

आपल्या १९९४ च्या दहावीच्या तुकडीत सहलीवर, स्नेहसंमेलनावर आणि छड्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. म्हणून मी भौतिक-रसायनाच्या तासाच्या पहिल्या पाच मिनिटांवर लिहायचे ठरवले. ही पाच मिनिटे सर्वांना आठवत असतील. सर वर्गात यायच्या आधीच मॉनिटरने फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक प्रश्न लिहिलेला असे. हजेरी होईपर्यंत तो वहीच्या शेवटच्या पानावर उतरवायचा आणि खाली आपले उत्तर लिहायचे. पुस्तक बंद. आधी लिहायचे, मग बोलायचे. आणि उत्तर कुठून सुचले तेही सांगायचे : शेतातून, चुलीपाशी की रस्त्यावर. सरांचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण तशी त्यांची सक्त ताकीद आहे. ते वाचणाऱ्याला सांगावेही लागणार नाही.

या लेखासाठी तिघांच्या जुन्या वह्या मिळाल्या. त्या चाळताना वाटले की ही पद्धत सरांच्या डोक्यातून एकदम उगवली नसणार. तिला मागे मोठा इतिहास आहे आणि आपल्या भागाचाही त्यात वाटा आहे.

डी.एड., बी.एड. झालेल्या आपल्या शिक्षकांना पाठ टाचणाची वही आठवत असेल. तिच्यात 'पूर्वज्ञान' नावाचा एक रकाना असतो. नवा पाठ सुरू करण्यापूर्वी मुलांना आधीचे काय माहीत आहे ते दोन-तीन प्रश्नांनी जागे करायचे आणि त्यातून हेतुकथनाकडे यायचे, असा तो रिवाज. त्याचे मूळ जर्मनीत आहे. योहान हर्बार्ट (१७७६-१८४१) या तत्त्वज्ञाने मांडले की नवी कल्पना मनात रिकाम्या जागी बसत नाही, आधीच्या कल्पनांना चिकटून बसते. त्याच्या मागून त्सिलर आणि राइन या अनुयायांनी त्या विचाराच्या पाच पायऱ्या बांधल्या. त्यातली पहिली पायरी पूर्वतयारीची. आपल्याकडच्या अध्यापक विद्यालयांत ती 'हर्बार्टची पंचपदी' म्हणून पाठ करून घेतली जाई. अमेरिकेत घंटा वाजताच सोडवायला दिलेल्या अशा प्रश्नाला 'बेल रिंगर' किंवा 'वॉर्म-अप' म्हणतात. आपल्या पी.टी.च्या तासाला खेळाआधी मैदानाला फेरी मारावी लागे, तसेच हे डोक्याचे.

पण रकाना असणे वेगळे आणि तो जिवंत असणे वेगळे. बहुतेक ठिकाणी पूर्वज्ञान म्हणजे मागच्या इयत्तेचे पुस्तक. "बल म्हणजे काय?" असे विचारायचे, पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाने व्याख्या म्हणायची, बाकीच्यांनी मान डोलवायची, आणि पाठ सुरू. मागच्या इयत्तेत ज्याला समजले नव्हते, त्याला या पाच मिनिटांत पुन्हा एकदा कळे की आपल्याला काही येत नाही.

आपल्या भागात या 'पूर्वज्ञाना'ला आणखी एक अडथळा होता, तो भाषेचा. आपले आजोबा शिकले ते निजामाच्या राज्यात. तिथे माध्यमिक शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू होते. घरी मराठी, शाळेत उर्दू. अशा वेळी मुलाचे घरचे ज्ञान वर्गाच्या उंबऱ्याबाहेरच राहणार. म्हणूनच आपल्या जिल्ह्यातील हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा महत्त्वाची. १९२१ साली सुरू झालेल्या या शाळेने मराठीतून शिकवले. स्वामी रामानंद तीर्थ यांनीही तिथे शिक्षक म्हणून काम केले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्रात. मराठीतून विज्ञान शिकणे आपल्याला सहज वाटले, पण आपल्या घरात ती सोय फार तर एक पिढी जुनी होती.

पुढचा बदल कोठारी आयोगामुळे (१९६४-६६) झाला. पहिली दहा वर्षे विज्ञान आणि गणित सर्वांना, अशी त्या आयोगाची शिफारस होती. १९६७ ला बालभारतीची स्थापना झाली आणि १९७५ ला नव्या आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा झाली. आता शेतकऱ्याच्या, मजुराच्या, दुकानदाराच्या प्रत्येक मुलामुलीपुढे भौतिक-रसायन आले, प्रयोगशाळा असो वा नसो. त्याच दशकात दोन ठिकाणी वेगळा विचार सुरू झाला होता. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत प्रयोग आणि प्रश्न यांवर उभे असलेले विज्ञान शिक्षण सुरू झाले. ते २००२ पर्यंत चालले. मुंबईत १९७४ ला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले आणि त्यांनी जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले. मुलाच्या आजूबाजूला जे आहे तिथून विज्ञानाला हात घाला, हा या दोन्ही कामांचा धडा होता.

आपले सर यांपैकी कुठल्या उपक्रमात होते असे नाही. त्यांनी एवढेच केले की 'पूर्वज्ञान' या शब्दाचा अर्थ बदलला. त्यांच्या लेखी पूर्वज्ञान म्हणजे नववीचे पुस्तक नव्हते, तर येरमाळ्याच्या आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांच्या पोराला सकाळी शाळेत येईपर्यंत जे माहीत झालेले असते ते. वह्यांतले काही प्रश्न देतो.

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेनंतरचा प्रश्न : "पाच खडे चुनखडी भाजली तर वजन वाढेल, घटेल की तेवढेच राहील?" येडेश्वरीच्या यात्रेत चुनखडीचे खडे वेचणे आपल्यापैकी प्रत्येकाने केले आहे. भट्टीतून निघालेला चुना हलका लागतो हे ज्यांच्या घरी चुन्याचे काम होते त्यांना ठाऊक होते. कारण मात्र कुणाला सांगता येईना. मग धडा सुरू झाला : चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. साधारण ९०० अंशांवर तापली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर कळीचा चुना ५६ किलो उरतो आणि ४४ किलो वायू हवेत जातो. कळीत पाणी टाकले की ती रटरटते. तो चुना भिंतीला लावला की हवेतला तोच वायू परत घेऊन त्याची पुन्हा चुनखडी होते. देवळाची भिंत पांढरी होते म्हणजे काय होते, हे त्या दिवशी कळले.

उन्हाळ्यातला प्रश्न : "विहिरीचे पाणी खाली गेले की मोटार आत का उतरवावी लागते? लांब पाइप टाकून का भागत नाही?" शेतकऱ्यांच्या मुलांनी एका आवाजात सांगितले, "ओढत नाही सर." सरांनी विचारले, "ओढतं कोण?" इथे वर्ग गप्प. मग कळले की पंप पाणी ओढतच नाही. तो फक्त पाइपातली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब पाण्याचा जास्तीत जास्त १०.३ मीटर उंचीचा स्तंभ पेलतो, तोही समुद्रसपाटीला. आपण बालाघाटच्या पठारावर, म्हणून आपल्याकडे त्याहून कमी. प्रत्यक्षात गळती आणि घर्षणामुळे सहा-सात मीटरवरच पंप हात टेकतो. इटलीतल्या पंपवाल्यांनाही साडेतीनशे वर्षांपूर्वी हेच कोडे पडले होते आणि त्यातूनच टॉरिसेलीने १६४३ साली पाऱ्याचा वायुदाबमापक काढला. फ्लॉरेन्सचा कारागीर आणि आपला मोटारवाला एकाच प्रश्नापाशी अडले होते, हे ऐकून मागच्या बाकांवर फार समाधान पसरले.

मुलींच्या रांगेतून क्वचितच कुणी बोले. त्या रांगेला तोंड फुटले ते या प्रश्नाने : "भाकरी टम्म कशाने फुगते? आणि काठ फाटला तर का फुगत नाही?" उत्तर द्यायला एकाच वेळी सात-आठ हात वर गेले. मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिली. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे सतराशे पट जागा लागते, हा आकडा सरांनी नंतर सांगितला. पण वाफ कोंडली पाहिजे आणि त्यासाठी पापुद्रा अखंड पाहिजे, हे त्यांच्या आधी एका मैत्रिणीने सांगून टाकले होते. त्यानंतर ती वर्षभर बोलत राहिली.

सोलापूर-धुळे महामार्गाने तर प्रश्नांचा तुटवडाच पडू दिला नाही. घाट उतरताना ट्रक लहान गिअरमध्ये का ठेवतात? वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच का? जवळ येणाऱ्या गाडीचा हॉर्न पुढे गेल्यावर जाड का होतो?

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहायला घेतला तो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली गावेच्या गावे झोपेत गाडली गेली, हजारो माणसे गेली. किल्लारी आपल्यापासून सरळ रेषेत ऐंशी-नव्वद किलोमीटर. आपले बहुतेक सगळे त्या रात्री अंगणात आले होते. आपल्या वर्गातल्या एकाचे आजोळ सास्तूरच्या बाजूला होते. तो काही दिवसांनी शाळेत आला तेव्हा फळ्याचा कोपरा कोरा होता. सर म्हणाले, "आज प्रश्न नको." थोड्या वेळाने तोच मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, माळवद का पडलं? आजोबा म्हणायचे, दगडाचं घर शंभर वर्षं हलत नाही."

सरांनी तोच प्रश्न फळ्यावर लिहिला. त्या दिवशी कुणालाही उत्तर लिहायला सांगितले नाही. एक खोली धरली, दहा फूट लांब, दहा फूट रुंद, वर दीड फूट माती. दीडशे घनफूट. घनमीटरला दीड टन धरले तर डोक्यावर सहा टनांहून जास्त ओझे. उन्हाळ्यात हेच ओझे घर थंड ठेवते. जमीन एकदम बाजूला सरकली की हे सहा टन जडत्वामुळे जागीच राहू पाहतात, आणि त्यांना सोबत ओढण्याचे काम भिंतीवर येते. भिंत तर बाहेरून एक दगडी थर, आतून एक थर, मध्ये माती आणि कपऱ्या. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नाही. थर सुटतात, भिंत फुगते आणि सहा टन खाली येतात. न्यूटनचा पहिला नियम आपण आठवीपासून म्हणत होतो. त्या दिवशी कुणी तो म्हणून दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी लाटांचा प्रश्न दिला. भूकंपाची पहिली लाट खडकातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर जाते, दुसरी सुमारे साडेतीन. किल्लारीहून आपल्यापर्यंत पहिली यायला चौदा-पंधरा सेकंद, दुसरी यायला चोवीस-पंचवीस. "आधी भांडी वाजली, मग घर हललं" असे कितीतरी जण सांगत होते. त्या दोहोंमधली ती दहा सेकंदे वहीत निघाली.

आपल्यातला एक मित्र आज बांधकामे घेतो. पाया, खिडकी-दरवाजांच्या वरची पातळी आणि छताखाली अशी सलग सिमेंट-लोखंडाची पट्टी फिरवल्याशिवाय तो भिंत वर नेत नाही. मालकाने "खर्च वाढतो" म्हटले की त्याला सहा टनांचा हिशोब करून दाखवतो. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात अशाच पट्ट्यांवर भर दिला गेला. पण आमच्या या मित्राकडे त्यांचे कारण आले ते फळ्यावरून.

२०१७ आणि २०१८ मध्ये नववी-दहावीची विज्ञानाची नवी पुस्तके आली. त्यांत पाठाच्या सुरुवातीला आणि मध्ये 'थोडे आठवा', 'जरा डोके चालवा', 'करून पहा' अशा चौकटी छापलेल्या आहेत. पाच मिनिटांची ही पद्धत आता राज्यभर प्रत्येक मुलाच्या हातात पोचली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण छापील प्रश्न गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळ्यांना चालावा लागतो. चुनखडीचे पाच खडे, आपल्या विहिरीची खोली आणि सास्तूरचे माळवद त्यात मावणार नाही. ती जागा तिथल्या शिक्षकाने आणि मुलांनीच भरायची असते. आणि ती भरली गेली की मागच्या बाकावरचा मुलगा पाठ सुरू होण्याआधीच वर्गात सामील होतो, कारण पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्याच्या घरीच असते.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, एक विनंती. जुन्या वह्या सापडल्या तर त्यांची शेवटची पाने फोटो काढून पाठवा. सगळे प्रश्न एकत्र करून शाळेतल्या आताच्या विज्ञान शिक्षकांना द्यायचे आहेत. सोबत प्रत्येकाने आपल्या आजच्या कामातला एक नवा प्रश्न जोडावा : दवाखान्यातला, गॅरेजमधला, ठिबकचा, सौर पंपाचा. माझा एक लिहून ठेवतो. धाराशिव जिल्ह्याच्या माळांवर आता पवनचक्क्या उभ्या आहेत. दुरून पाहिले तर पाते अगदी आळसावून फिरताना दिसते. पाते ५० मीटर लांब आणि मिनिटाला १२ फेऱ्या धरल्या, तर त्याचे टोक महामार्गावरच्या ट्रकपेक्षा हळू जाते की जोरात? पुस्तक बंद. आधी लिहा, मग बोला.