साने गुरुजींचा राजीनामा आणि खानदेशातील शौर्याचे पाठ

१/ वीरांची चरित्रे मुलांना सांगावीत, याबद्दल दुमत नसते. परंतु सांगणाऱ्या शिक्षकाने स्वतः काय करावे? अमळनेरमध्ये १९३० साली हा प्रश्न टाळता येण्याजोगा राहिला नाही.

२/ पांडुरंग सदाशिव साने तत्त्वज्ञान मंदिरात अध्ययनासाठी अमळनेरला आले आणि जून १९२४ मध्ये तेथील हायस्कुलात (आजचे प्रताप हायस्कूल) शिक्षक झाले. वय अवघे चोवीस. पुढे वसतिगृहाची जबाबदारीही आली. तेथे ते मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढीत. मासिक नव्हे, दैनिक. आणि तेही दिवसभराचे अध्यापन सांभाळून! १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक सुरू झाले.

३/ त्यांनी चरित्रे कोणाची लिहिली, हेही पाहण्यासारखे आहे. शिवराय त्यांत आहेतच; पण गोपाळ कृष्ण गोखले आणि ईश्वरचंद्र विद्यासागरही आहेत. विद्यासागरांची लढाई विधवाविवाहासाठी होती. शत्रू घरातला, नात्यातला. अशा माणसाला वीरांच्या रांगेत बसवणे म्हणजे शौर्याची व्याख्याच रुंदावणे होय.

४/ हेच गुरुजी वसतिगृहातील मुलांचे कपडे धूत, अंथरुणे नीट करून ठेवीत. फलकावरील थोरांच्या गोष्टींइतकाच हाही पाठ होता.

५/ मार्च १९३० मध्ये दांडीयात्रा निघाली. एप्रिलअखेर गुरुजींनी नोकरी सोडली. मे महिन्यात अटक झाली. धुळ्याचा तुरुंग, नंतर त्रिचनापल्ली. सहा वर्षांच्या अध्यापनातला सर्वांत परिणामकारक तास कदाचित हा राजीनामाच असावा.

६/ १९३२ मध्ये ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी विनोबांनी तेथे गीतेवर अठरा प्रवचने दिली. गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणूनच ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहेत. ज्या ग्रंथाच्या आरंभीच धनुर्धर वीर हातपाय गाळून बसतो, त्याचे विवरण सत्याग्रही कैद्यांपुढे व्हावे, यात मोठे औचित्य होते.

७/ आता नंदुरबार. तेव्हा ते पश्चिम खानदेशात होते आणि जिल्ह्याचे ठाणे धुळे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी ‘चले जाव’च्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता. ही मुले गुरुजींच्या वर्गातली नव्हती. त्यांनी तर बारा वर्षांपूर्वीच शाळा सोडली होती. पण चरित्रांतले शौर्य खरे मानणारी पिढी खानदेशात उभी राहिली होती, एवढे निश्चित.

८/ शाळांतून ही कथा बहुधा झेंडा आणि गोळी एवढीच उरते. पंधरा वर्षांच्या मुलाचे मरण पंधरा वर्षांच्या मुलांना सांगताना नुसत्या गौरवावर थांबणे हे अपुरे शिक्षण आहे. निःशस्त्र मुलांवर बंदूक रोखणाऱ्या राज्याविषयीही तेथे बोलायला हवे. आणि नावे तरी पाचही सांगावीत : शिरीषकुमारसोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा.