ड्रोनचा सिग्नल गेला तर काय? झाडीपट्टीत उडवण्याआधी ‘परतीची उंची’ तपासाच

चंद्रपूर-गडचिरोली : धानाच्या बांधीवर फवारणी सुरू असताना रिमोटच्या पडद्यावर अचानक ‘सिग्नल गेला’ अशी सूचना येते. त्यानंतर ड्रोन काय करणार, हे त्या क्षणी चालकाच्या हातात नसते. उडवण्याआधी मशीनमध्ये जी सेटिंग भरली असेल, तेच ड्रोन करतो. कंपनीतून आलेली सेटिंग बहुतेक वेळा मोकळ्या मैदानाच्या हिशेबाची असते. आपल्याकडे धुऱ्यावर मोहाची झाडे, बाजूला सागवान आणि वरून विजेच्या तारा असतात. त्यामुळे ही सेटिंग आपल्या शेतानुसार बदलून घ्यावी लागते.

आता गावोगावी ड्रोन दिसू लागले आहेत. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत भारतीय सर्वेक्षण विभागाचे ड्रोन गावठाणाची मोजणी करतात. त्यासाठी मिळकतींच्या हद्दी आधी चुन्याने आखल्या जातात. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली. त्यात देशातील १५ हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याचे ठरले आणि निवडलेल्या महिलेला १५ दिवसांचे प्रशिक्षण आहे. दोन्ही कामांत ड्रोन बराच वेळ आधी आखलेल्या मार्गावर आपोआप उडतो.

‘सिग्नल’ एक नाही, तीन

पहिला सिग्नल रिमोट आणि ड्रोनमधला. हा रेडिओ सिग्नल असतो, त्याला मोबाईल टॉवर लागत नाही. पण मध्ये दाट झाडी किंवा टेकडी आली की तो कमजोर होतो. पावसाळ्यातली ओली, भरगच्च पाने तो जास्त अडवतात. माहितीपत्रकात लिहिलेले अंतर मोकळ्या जागेतले असते, जंगलाला लागून तेवढे मिळत नाही.

दुसरा सिग्नल उपग्रहाचा, म्हणजे जीपीएसचा. ड्रोनला स्वतःची जागा यावरून कळते. हा गेला तर ड्रोन वाऱ्याबरोबर सरकू लागतो. त्याला परतीचा रस्ताही सापडत नाही, कारण घरी येण्यासाठी आधी आपण कुठे आहोत हे कळावे लागते.

तिसरा मोबाईल इंटरनेटचा. एटापल्ली, भामरागडसारख्या भागात हा जाणे नवीन नाही. साध्या फवारणीत नेट गेल्याने ड्रोन सहसा पडत नाही, पण पडद्यावरचा नकाशा दिसेनासा होऊ शकतो. म्हणून नकाशा नेटवर्क असलेल्या जागी आधीच डाऊनलोड करून घ्यावा. अचूक मोजणीसाठी नेटवरून दुरुस्तीची माहिती घेणाऱ्या ड्रोनची अचूकता मात्र नेट गेल्यावर घटते.

फेलसेफ म्हणजे काय?

संपर्क तुटल्यावर ड्रोनने काय करायचे, या सेटिंगला फेलसेफ म्हणतात. साधारण चार पर्याय असतात.

१. घरी परत येणे : ठरलेल्या उंचीवर चढून, सरळ रेषेत उड्डाणाच्या जागी येणे.

२. हवेत थांबणे : संपर्क परत येईपर्यंत एका जागी राहणे. यात बॅटरी खर्च होत राहते.

३. तिथेच उतरणे : खाली बांधीतले पाणी, झाड की माणूस, हे बहुतेक ड्रोनला कळत नाही.

४. काम सुरू ठेवणे : आखलेला मार्ग पूर्ण करून मग परतणे. झाडांच्या बऱ्याच वरून होणाऱ्या मोजणीत याचा उपयोग होतो. फवारणीत हा पर्याय धोक्याचा, कारण शेतात माणूस शिरला तरी चालक ड्रोनला थांबवू शकत नाही.

फवारणीसाठी बहुतेक वेळा ‘परत येणे’ बरे पडते, पण उंची बरोबर भरलेली असेल तरच. औषधाचा पंप संपर्क तुटल्यावर बंद होतो की नाही, हेही टाकीत साधे पाणी भरून आधी पाहून घ्यावे.

परतीची उंची कशी काढायची?

अनेक ड्रोनमध्ये वापरल्या जाणाऱ्या आर्डुपायलट या प्रणालीत परतीची मूळ उंची १५ मीटर असते. वाढलेला सागवान याहून उंच असतो. फवारणीचा ड्रोन पिकाच्या दोन-तीन मीटरवर असतो. तो १५ मीटर चढून परतायला निघाला आणि वाटेत २० मीटरचे झाड असेल, तर सरळ त्यावर जाऊन आदळेल.

आणखी एक गोष्ट. ही उंची सहसा उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते, ड्रोनच्या खालच्या जमिनीपासून नाही. समजा, ड्रोन खोलगट बांधीतून उडवला. बाजूची जमीन १५ मीटर वर आहे आणि तिथे २५ मीटरचे झाड आहे. म्हणजे अडथळा ४० मीटरवर आला. त्यात किमान १० मीटर सोडून परतीची उंची ५० मीटर तरी ठेवावी. चंद्रपूर परिसरात उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे आहेत, तिथे तारांच्या बाजूला काम करण्यापेक्षा उड्डाणाची जागाच अशी निवडावी की परतीचा रस्ता तारांवरून जाणार नाही. बारीक तार ड्रोनच्या सेन्सरला अनेकदा दिसत नाही.

ड्रोन सरळ वर चढतो हेही विसरू नये. मोहाच्या फांदीखाली संपर्क तुटला, तर तो फांदीतच अडकेल. म्हणून आपोआप मार्ग आखताना धुऱ्यावरच्या झाडांपासून अंतर सोडावे.

उडवण्याआधी एवढे बघा

- जीपीएस पक्का झाल्याशिवाय आणि ‘घराची जागा’ नोंदवली गेल्याशिवाय उड्डाण नको. नाहीतर ड्रोन भलत्याच जागी परतेल.
- चालक दुसऱ्या बांधीत गेला तरी ड्रोन सहसा उड्डाणाच्या जागीच येतो. ती जागा मोकळी ठेवा, पोरांना तिथे उभे राहू देऊ नका.
- बॅटरी कमी झाल्यावरची सेटिंग वेगळी असते, तीही पाहा. भरलेल्या टाकीसह परतायला जास्त बॅटरी लागते.
- पंखे काढून, जमिनीवर रिमोट बंद करून ड्रोन कोणत्या मोडमध्ये जातो ते तपासा. मग रिकाम्या टाकीने मोकळ्या जागेत परतीचे बटण दाबून पाहा.
- संपर्क परत आला म्हणजे ताबा परत आला असे नाही. आर्डुपायलटमध्ये चालकाने मोड बदलेपर्यंत ड्रोन परतीच्याच मार्गावर राहतो.

नियम काय?

ड्रोन नियम २०२१ नुसार २ किलोपेक्षा जास्त आणि २५ किलोपर्यंतचा ड्रोन ‘लहान’ गटात येतो. फवारणीचे बरेच ड्रोन याच गटातले. त्यांना नोंदणी क्रमांक आणि चालकाला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते. हिरव्या क्षेत्रात कमाल उंची ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर आहे. लाल आणि पिवळ्या क्षेत्रात आधी परवानगी लागते. ताडोबासारख्या संरक्षित जंगलात वन विभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन नेऊ नये. जंगलालगत किंवा संवेदनशील भागात उडवण्याआधी पोलीस ठाण्याला कळवलेले बरे.

ड्रोन जंगलात पडला तर

मशीन लाखोंची असली तरी एकट्याने आत शिरू नका. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, चिमूर या पट्ट्यात वाघाचा वावर आहे. पडद्यावरची शेवटची जागा लिहून घ्या आणि वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मार लागलेली लिथियम बॅटरी थोड्या वेळाने पेटू शकते, आणि उन्हाळ्यात वाळलेल्या पाल्यावर ती ठिणगी वणव्याला पुरेशी आहे. म्हणून जागा लवकर कळवणे गरजेचे. दुसऱ्याचा पडलेला ड्रोन दिसला तर हात लावू नका, टाकीत औषध असू शकते. ड्रोनवाला शेतात आला की पहिला प्रश्न विचारा : “परतीची उंची किती ठेवली?” उत्तर मिळाल्यावरच ड्रोन उडू द्या.