बँडचं नाव नक्की कोणाचं?

प्रोग्रॅमरला विचारा, तुझ्या कामातलं सगळ्यात अवघड काय? अल्गोरिदम नाही, डेडलाईन नाही, मॅनेजर तर नाहीच (तो कॉन्स्टंट आहे, त्याला बदलता येत नाही :-)). सगळ्यात अवघड म्हणजे नाव देणं. घाईत काहीतरी 'टेम्प' नाहीतर 'न्यू-टेम्प' लिहून टाकायचं, नंतर बदलू म्हणायचं, आणि एकदा का ते नाव शंभर फाइलींत पसरलं की हात लावायची कोणाची हिंमत होत नाही.

बँडवाल्यांचंही अगदी तसंच होतं. (बँड म्हणजे लग्नातला नव्हे, रॉकवाला. आपल्याकडे हा खुलासा करावाच लागतो!) चार पोरं जमतात, शनिवारी कुठेतरी वाजवायचं असतं, पोस्टरवर छापायला काहीतरी हवं म्हणून नाव ठोकून देतात. दहा वर्षांनी त्यातली दोन पोरं भांडून निघून गेलेली असतात, पण नाव तिथेच असतं आणि त्या नावाची किंमत कोटींत गेलेली असते. मग प्रश्न येतो: हे नाव कोणाचं? ज्याला सुचलं त्याचं? जो अजून वाजवतोय त्याचं? मॅनेजरचं? की ज्याच्याकडून उचललं त्याचं?

बँडच्या नावांच्या गमतीजमती आपण नेहमी ऐकतो. पण त्या ओळीने मांडल्या तर तो हक्काचा इतिहास निघतो.

सुरुवात बडी हॉलीपासून करू. टेक्सासचा हा पोरगा १९५६ मध्ये डेक्का कंपनीसाठी 'दॅट'ल बी द डे' हे गाणं रेकॉर्ड करून बसला होता. कंपनीने ते तसंच पाडून ठेवलं. वर करारात मेख होती: पाच वर्षं हे गाणं त्याने दुसऱ्या कोणासाठी रेकॉर्ड करायचं नाही. १९५७ मध्ये त्याने मित्रांना घेऊन ते पुन्हा रेकॉर्ड केलं आणि स्वतःचं नाव लपवायला रेकॉर्डवर बँडचं नाव टाकलं, 'द क्रिकेट्स'. म्हणजे हे नाव करारातून निसटायची पळवाट होती. गंमत पुढेच आहे. ज्या ब्रन्सविक लेबलवर हे गाणं निघालं ते डेक्काच्याच मालकीचं! नाव किड्यांच्या यादीतून निवडलं, आणि त्या यादीत 'बीटल्स'वरही विचार झाला होता, असं क्रिकेट्सच्या मंडळींनी पुढे सांगितलं.

तिकडे लिव्हरपूलमध्ये जॉन लेननच्या कंपूचं नाव आधी 'क्वारीमेन' होतं. त्याच्या शाळेचं नाव क्वारी बँक, म्हणून. मग 'जॉनी अँड द मूनडॉग्ज' झालं. १९६० मध्ये स्टुअर्ट सटक्लिफ आणि लेनन यांना क्रिकेट्सच्या चालीवर किड्याचं नाव सुचलं, त्यात 'बीट' हा संगीतातला शब्द कोंबला, मध्ये काही महिने पुढे 'सिल्व्हर' लावून पाहिलं, आणि ऑगस्टमध्ये हॅम्बुर्गला जाईपर्यंत ते नुसते 'बीटल्स' झाले. पळवाट म्हणून घेतलेल्या नावाला तीन वर्षांत समुद्रापलीकडून सलाम आला.

हा सलाम प्रकार त्या काळच्या ब्रिटिश पोरांत फारच होता. त्यांना वेड होतं अमेरिकेतल्या काळ्या कलावंतांच्या ब्लूजचं. १९६२ मध्ये ब्रायन जोन्स एका संगीत-पत्रिकेला फोनवर जाहिरात देत होता. समोरून विचारलं, बँडचं नाव काय? नाव तर ठरलेलंच नव्हतं. जमिनीवर मडी वॉटर्सची एलपी पडली होती, तिच्यावरचं एक गाणं होतं 'रोलिन स्टोन'. झालं, नाव ठरलं! ही हकीकत कीथ रिचर्ड्सने सांगितलेली आहे. त्याच जुलैत लंडनच्या मार्की क्लबमध्ये त्यांचा त्या नावाने पहिला कार्यक्रम झाला.

पिंक फ्लॉइडची कथा याहून टोचणारी आहे. हा कंपू आधी 'सिग्मा सिक्स' होता, 'अ‍ॅबडॅब्ज' होता, मग 'टी सेट' झाला. एका ठिकाणी वाजवायला गेले तर कार्यक्रमात आणखी एक 'टी सेट' हजर! सिड बॅरेटने तिथल्या तिथे दोन नावं जोडून दिली: पिंक आणि फ्लॉइड. ही दोन्ही खऱ्या माणसांची नावं. पिंक अँडरसन हा साउथ कॅरोलायनाचा, औषधविक्यांच्या फिरत्या खेळांत गाणारा गायक. फ्लॉइड कौन्सिल नॉर्थ कॅरोलायनाचा गिटारवादक. ब्लाइंड बॉय फुलरच्या एका एलपीच्या पाठीवरच्या मजकुरात ही दोन नावं छापलेली होती, तिथून सिडने ती उचलली.

'डार्क साइड ऑफ द मून' आला १९७३ मध्ये. पिंक अँडरसन १९७४ मध्ये आपल्या स्पार्टनबर्ग गावी गेला, फ्लॉइड कौन्सिल १९७६ मध्ये. पिंक फ्लॉइडचा टी-शर्ट घालून फिरणाऱ्या किती जणांना ही दोन माणसं होती हे माहीत असेल? हा प्रश्न लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

बरं, 'टी सेट'ला जी अडचण आली तिला आपल्या धंद्यात नेमस्पेस कोलिजन म्हणतात. ती बँडवाल्यांना सारखीच येते. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात जेरी गार्सियाच्या बँडचं नाव होतं 'वॉरलॉक्स'. त्याच वर्षी न्यूयॉर्कला लू रीडचा कंपूही काही काळ 'वॉरलॉक्स'च होता. शेवटी गार्सियाने शब्दकोश उघडला आणि 'ग्रेटफुल डेड' मिळवलं. रीडच्या कंपूला एका स्वस्त पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'व्हेल्वेट अंडरग्राउंड' सापडलं. दोघांचंही भलंच झालं म्हणायचं.

'शिकागो ट्रान्झिट अथॉरिटी' नावाच्या बँडची टक्कर तर सरकारी बससेवेशी झाली. १९६९ मध्ये पहिला अल्बम आल्यावर खऱ्या शिकागो ट्रान्झिट अथॉरिटीने कोर्टाची भीती घातली, आणि बँड नुसता 'शिकागो' झाला. (आपल्याकडे कोणी बँडचं नाव 'पीएमपीएमएल' ठेवलं तर पोरं वेळेवर पोचणार नाहीत, एवढीच भीती.) आणि आपल्या पिढीचं उदाहरण म्हणजे लिंकिन पार्क. त्यांचं आधीचं नाव 'हायब्रिड थिअरी' कायद्याच्या कटकटीमुळे सोडावं लागलं. मग सांता मोनिकातल्या लिंकन पार्कवरून नाव घेतलं, आणि स्पेलिंग बिघडवलं ते डोमेन मिळावं म्हणून! सोडलेलं नाव २००० मध्ये पहिल्या अल्बमला देऊन टाकलं.

कधी कधी नाव स्वतः निवडतच नाहीत, कोणीतरी चिकटवतं. इयन अँडरसनचा बँड १९६७-६८ मध्ये लंडनला जवळजवळ दर आठवड्याला नाव बदलायचा, कारण जुन्या नावाने कोणी पुन्हा बोलवायचं नाही. बुकिंग एजन्सीतल्या एका इतिहासप्रेमी माणसाने एकदा 'जेथ्रो टल' नाव देऊन पाठवलं आणि नेमकं त्याच वेळी क्लबने पुन्हा बोलावलं. नाव कायम! खरा जेथ्रो टल हा १८ व्या शतकातला इंग्रज शेतकरी. पेरणीयंत्र बनवलं म्हणून त्यांच्या पाठ्यपुस्तकांत त्याचं नाव. आपल्याकडची तिफण जे काम करते तेच. म्हणजे तिकडे चाळीस-पन्नास वर्षं लोक ज्याच्या नावाने शिट्ट्या मारत आले तो माणूस मुळात पेरणीवाला.

इथपर्यंत सगळी गंमत झाली. आता पैसा येतो.

अमेरिकेतला 'द ड्रिफ्टर्स' हा गायकांचा गट १९५३ चा. क्लाईड मॅकफॅटरने तो काढला आणि बाहेर पडल्यावर आपला हिस्सा मॅनेजर जॉर्ज ट्रेडवेलला विकला. तेव्हापासून गाणारे नुसते पगारी नोकर आणि नाव मॅनेजरचं. १९५८ मध्ये ट्रेडवेलने अख्खा गट एका फटक्यात घरी पाठवला. पण ड्रिफ्टर्स या नावाने कार्यक्रम ठरलेले होते. त्याने 'फाइव्ह क्राउन्स' या दुसऱ्याच गटाला उचललं आणि सांगितलं, आजपासून ड्रिफ्टर्स तुम्ही. त्यात बेन ई. किंग होता. १९५९ चं 'देअर गोज माय बेबी' याच नव्या मंडळींचं, आणि ते धो धो चाललं. पण पगार तोच. १९६० मध्ये किंग पैशांवरून बाहेर पडला आणि नाव मॅनेजरकडेच राहिलं. आउटसोर्सिंग कंपन्यांत काम केलेल्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. क्लायंटला माणूस नको असतो, 'रिसोर्स' हवा असतो.

हाच डाव फ्लीटवुड मॅकवर १९७४ मध्ये टाकला गेला. हे नाव पीटर ग्रीनने १९६७ मध्ये दिलेलं. स्वतः संस्थापक असून त्याने त्यात आपलं नाव घातलं नाही. ड्रमवाला मिक फ्लीटवुड आणि बासवाला जॉन मॅकव्ही यांची नावं जोडली. मॅकव्ही तर तेव्हा बँडमध्ये आलेलाही नव्हता, त्याने यावं म्हणून हे आमिष! ग्रीन १९७० मध्ये निघून गेला. पुढे बँडचा दौरा फिसकटला तेव्हा मॅनेजर क्लिफर्ड डेव्हिस म्हणाला की नाव माझं आहे, आणि त्याने भलत्याच वादकांना फ्लीटवुड मॅक म्हणून अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवून दिलं. तिकीट काढून आलेल्या लोकांना स्टेजवर ना फ्लीटवुड दिसला ना मॅकव्ही. कोर्टकचेरीत खऱ्या बँडचे कित्येक महिने गेले. यावेळी मात्र नाव ज्यांचं होतं त्यांच्याकडे राहिलं, आणि १९७७ मध्ये त्याच नावाखाली 'रूमर्स' आला.

आता पुन्हा पिंक फ्लॉइड. १९८५ मध्ये रॉजर वॉटर्स बाहेर पडला. त्याचं म्हणणं, बँड संपला, हे नाव आता कोणी वापरायचं नाही. १९८६ मध्ये तो कोर्टात गेला. डेव्हिड गिलमर आणि निक मेसन हटले नाहीत. १९८७ च्या डिसेंबरात गिलमरच्या हाउसबोटीवर तडजोड झाली. नाव या दोघांना, आणि वॉटर्सला 'द वॉल'चे हक्क वगैरे. २०१३ मध्ये वॉटर्सनेच कबूल केलं की खटला करण्यात आपलं चुकलं. या अख्ख्या भांडणात एक गोष्ट बघा. ज्या दोन शब्दांसाठी वकील झगडत होते, ते दोन शब्द झगडणाऱ्यांपैकी कोणाचेच नव्हते.

आपल्याकडे काय? मुंबईचा 'रॉक मशीन' १९८४ चा. उदय बेनेगल, महेश तिनईकर वगैरे मंडळी. १९९३ मध्ये त्यांनी आपणहून नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं, कारण गाणी इकडच्या मातीकडे वळत होती आणि जुनं नाव कुठल्याही देशातल्या कुठल्याही बँडला चाललं असतं. कोणी खटला घातला नव्हता, कोणाशी टक्करही नव्हती. त्याच्या बऱ्याच आधी, सत्तरीत कोलकात्याला 'मोहिनेर घोडागुली' झाला. त्याचं नाव जीवनानंद दासांच्या एका कवितेतून आलं.

पण आपली खरी जुनी पद्धत वेगळीच, घराण्याची. किराणा घराणं म्हणजे वाणसामान नव्हे, उत्तर प्रदेशातलं कैराना गाव. अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थिरावले, तिथेच त्यांची कबर आहे, तरी घराण्याचं नाव कैरान्याचंच राहिलं. भेंडीबाजार घराणं तर आपल्या मुंबईतलं. मुरादाबादकडून आलेले छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ ज्या वस्तीत राहिले तिचंच नाव गाण्याला मिळालं. ही नावं कोणी बसून ठरवली नाहीत, कोणी रजिस्टर केली नाहीत. ती लावायचा हक्क तालमीतून यायचा, गुरूने गंडा बांधल्यावर. तिथेही आतला-बाहेरचा हा भेद होता, राजकारण होतं, सगळं गोड नव्हतं. पण एक होतं. घराण्याचं नाव लावायचं तर ते कोणाकडून आलं हे सांगावंच लागायचं. गुरूचं नाव घेताना कानाची पाळी पकडायची ती त्यासाठीच.

शेवटी ती राहिलेली गोष्ट. अमेरिकेत 'लेडी अँटिबेलम' नावाचा गोऱ्या गायकांचा कंट्री बँड होता. अँटिबेलम म्हणजे यादवी युद्धाच्या आधीचा, गुलामगिरीचा काळ. जून २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर देश पेटलेला असताना त्यांनी जाहीर केलं की हे नाव शोभत नाही, आजपासून आम्ही 'लेडी ए'. हेतू चांगलाच होता. पण सिएटलमध्ये अनिता व्हाइट नावाची काळी ब्लूज गायिका कित्येक वर्षं 'लेडी ए' याच नावाने गात होती! बोलणी झाली, फिसकटली, आणि जुलैमध्ये बँडनेच कोर्टात जाऊन नाव वापरायचा आपला हक्क मान्य करून मागितला. तिनेही उलट खटला भरला. २०२२ च्या सुरुवातीला दोन्ही खटले तडजोडीने मिटले.

म्हणजे काळ्या लोकांचा मान राखायला नाव बदललं, आणि त्यासाठी एका काळ्या गायिकेचंच नाव घेतलं. १९६५ मध्ये सिडने रेकॉर्डच्या पाठीवरून दोन नावं उचलली तेव्हा त्या दोघांनी हरकत घ्यायचा प्रश्नच आला नाही. २०२० मध्ये अनिता व्हाइट हरकत घेऊ शकली आणि जगाने तिचं नाव ऐकलं. मधल्या पंचावन्न वर्षांत एवढा तरी फरक पडला.

असो. लेख लांबला. पिंक अँडरसनची रेकॉर्डिंग्ज मिळतात, शोधा आणि या वीकएंडला दोन-तीन ऐका. नाव इतकी वर्षं आपण फुकट वापरलंय, निदान आवाज तरी ऐकू या.