चिंच गेली, नाव राहिले : मोहल्ल्यातल्या मोकळ्या जागेचा इतिहास

मुंबईच्या जुन्या वस्त्यांची नावे एकदा सावकाश वाचून पाहा. उंबराच्या झाडांवरून उमरखाडी, चिंचेवरून चिंचपोकळी आणि चिंचबंदर, फणसावरून फणसवाडी, वडावरून वडाळा, ताडावरून ताडदेव. भेंडी बाजाराच्या नावाबद्दल दोन मते आहेत, पण त्यातले एक मत भेंडीच्या झाडाकडेच बोट दाखवते. हा भेंडी भाजीतला नव्हे, पिवळ्या फुलांचा, समुद्राकाठी वाढणारा मोठा वृक्ष. मी मुलांना मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवतो. स्थलनामांचा धडा आला की ही नावे फळ्यावर लिहितो. सातवीतल्या एका मुलाने मागे विचारले, "सर, मग ती झाडं गेली कुठं?"

त्याच्या प्रश्नाचे सोपे उत्तर "माणसे वाढली, झाडे तुटली" असे देता येते. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. माणसे दादर-माटुंग्यातही वाढली, तिथे झाडे आहेत. मग फरक कशाने पडला? त्याचे बरेचसे उत्तर महापालिकेच्या नियमांत आहे. कोणत्या जागेवर किती बांधायचे, किती मोकळे सोडायचे आणि त्यात किती झाडे लावायची, हे नियम ठरवतात. आणि हे नियम सगळ्या जागांना सारखे कधीच नव्हते.

जागेचा प्रकार पाहून नियम लावणे आपल्याकडे इंग्रजांच्याही आधीचे आहे. शेतसाऱ्यासाठी जमिनीची जिराईत आणि बागाईत अशी विभागणी होती. जिराईत हा शब्द अरबी 'जिराअत'वरून आला, बागाईत फारसी 'बाग'वरून. सातबाऱ्यावर आजही हेच शब्द आहेत. शहरात मात्र हिरवळीचा हिशेब वेगळ्या कारणाने सुरू झाला. ते कारण होते प्लेग.

1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे रोगी सापडले आणि काही महिन्यांत मुंबई हादरली. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या आणि कोंदट हवा यांतून रोग फैलावतो, असे त्या वेळी सरकारने धरले. 1898 मध्ये कायदा करून 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. जागा ताब्यात घेणे, घरे पाडणे, रस्ते रुंद करणे, नव्या वस्त्या आखणे असे मोठे अधिकार त्याला होते. त्याची पहिली योजना नागपाड्याची. पुढे सँडहर्स्ट रोड डोंगरी-उमरखाडीच्या बाजूने काढला गेला. या कामांत जितकी घरे पडली तितकी लगेच उभी राहिली नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या गल्लीत जाऊन आणखी दाटीने राहू लागली. एका मोहल्ल्याला हवा मिळाली, तर शेजारच्याची हवा कमी झाली.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी 1912 मध्ये मुंबईतल्या घरांच्या उजेड-हवेवर एक व्याख्यान दिले होते. त्यांचा भर साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमावर होता. नाव अवघड वाटते, हिशेब सोपा आहे. खोलीच्या खिडकीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांची तिरकी रेघ वर काढायची. समोरची इमारत त्या रेघेच्या वर जाता कामा नये. भूमितीने पाहिले तर हे प्रमाण दोनास एक येते. समोरची भिंत 40 फूट उंच असेल तर मध्ये 20 फूट मोकळी जागा हवी. हा नियम बागेसाठी केलेला नव्हता, उजेडासाठी होता. पण 20 फूट मोकळी जमीन राहिली की तिथे एक बदाम, एक गुलमोहर सहज उभा राहतो.

ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती आखल्या तेव्हा हे शक्य झाले. भूखंड मोठे होते, इमारतीच्या चारी बाजूंनी जागा सोडायची अट होती, रस्ते आधी आणि घरे नंतर आली. ट्रस्टमध्येच अभियंता असलेल्या मंचरजी जोशी यांनी पारशी समाजासाठी 103 भूखंड राखून घेतले, रस्तोरस्ती वेगवेगळ्या जातींची झाडे लावून घेतली. आज आपण ज्याला फाइव्ह गार्डन्स म्हणतो त्या उद्यानांना त्यांचेच नाव आहे. तिथली सावली नशिबाने आलेली नाही. ती आधी कागदावर आखली गेली आणि एका माणसाने तिचा पाठपुरावा केला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

डोंगरी, नागपाडा, मदनपुरा, भेंडी बाजार इथे आधीच घराला घर चिकटले होते. तिथे मोठे मोकळे मैदान म्हणजे बऱ्याचदा कब्रस्तान. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात किंवा नारियलवाडीत गेलात तर मोठी झाडे दिसतील. या भागातल्या मुलांना खरी बाग पाहायची तर 1862 साली खुली झालेली भायखळ्याची राणीची बागच जवळची.

1933 मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. स्वातंत्र्यानंतर विकास आराखडे आले, त्यांच्यासोबत विकास नियंत्रण नियमावली आली. 1991 च्या नियमावलीत मोकळ्या जागेचे कोष्टक अगदी स्पष्ट होते. निवासी किंवा व्यापारी आखणीत भूखंड 1001 ते 2500 चौरस मीटर असेल तर 15 टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी, 2501 ते 10,000 असेल तर 20 टक्के, त्याहून मोठा असेल तर 25 टक्के. कारखान्याच्या 1000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाला 10 टक्के. झोपडपट्टी पुनर्वसनात ही जागा कमी करायची मुभा होती, फक्त ती 8 टक्क्यांच्या खाली जाऊ नये अशी अट. झाडांचाही आकडा होता : मोकळ्या जागेच्या दर 100 चौरस मीटरला 5 झाडे, आणि जिथे आखणीची गरज नाही अशा लहान भूखंडावर दर 80 चौरस मीटरला 1 झाड.

आता हे कोष्टक आपल्या मोहल्ल्याच्या डोळ्यांनी वाचा. 25 टक्के हिरवळ कुणाला? ज्याचा भूखंड अडीच एकरांच्या आसपास किंवा त्याहून मोठा आहे त्याला. झोपडीतून उठून सात मजली इमारतीत गेलेल्याला 8 टक्के चालतील. आणि ज्याची चाळ 300-400 चौरस मीटरवर उभी आहे त्याला मोकळ्या जागेची अटच नाही. 400 चौरस मीटरला 5 झाडे कागदावर येतात खरी, पण पुनर्विकासात बाजूच्या अंतरांना सवलत मिळते आणि इमारत कुंपणाला टेकते. मग झाडाने मूळ धरायचे कुठे? नियमात कुठेही धर्म किंवा जात लिहिलेली नाही, हे मी मुद्दाम सांगतो. फक्त भूखंडाचे माप लिहिले आहे. पण कुणाच्या वाट्याला किती माप आले, हे इतिहासाने आधीच ठरवून ठेवले होते.

मोठ्या भूखंडांवरही ही जागा आपोआप टिकली नाही. विकासक ती जमिनीवरून उचलून पार्किंगच्या छतावर, म्हणजे पोडियमवर, नेऊ लागले. वर चार कुंड्या आणि घसरगुंडी, खाली गाड्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 2013 च्या डिसेंबरात न्यायालयाने सांगितले की नियमातली 15, 20, 25 टक्के जागा जमिनीवरच हवी. पोडियमवर काही करायचे असेल तर ते त्याहून जास्तीचे. 2018 मध्ये आलेल्या नव्या नियमावलीने मात्र वाट पुन्हा सैल केली : 60 टक्के जमिनीवर, उरलेली 40 टक्के पोडियमवर चालेल.

मुंबईबाहेरच्या वाचकांना वाटेल, हे आमचे नाही. तर ऐका. महाराष्ट्राच्या बहुतेक शहरांना 2020 च्या अखेरीपासून एकत्रित नियमावली लागू आहे. तिच्यात 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. 4000 चौरस मीटर म्हणजे जवळपास 40 गुंठे, एक एकर. मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद इथल्या कितीतरी वस्त्या गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे विकत घेऊन उभ्या राहिल्या. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने अशी घरे नियमित करण्याची सोय केली आणि ती गरजेचीच होती. पण शेत विकताना कुणी मैदान सोडले नव्हते, नियमित झाल्यावर ते कुठून येणार?

मग उपाय काय? एक उपाय तुकडे जोडण्याचा. भेंडी बाजारात सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने सुमारे 16.5 एकरांवरच्या 250 च्या आसपास इमारती एकत्र घेऊन पुनर्विकास हाती घेतला. सुट्या-सुट्या इमारतीला जे अशक्य, ते एकत्र आल्यावर निदान आखता येते : रुंद रस्ता, मोकळी जागा, झाडे. अशा योजनांत उंचीचे आणि गर्दीचे प्रश्न आहेतच, ते विचारलेही पाहिजेत.

दुसरा उपाय, जे आहे ते राखण्याचा. 1975 चा वृक्ष जतन कायदा शहरी भागांना लागू आहे. खासगी अंगणातले झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडलेल्या झाडाचे वय जितके तितकी नवी झाडे लावण्याची तरतूद केली. मशिदीच्या, मदरशाच्या, शाळेच्या आवारातले जुने झाड या कायद्याच्या भाषेत काय आहे, हे आपल्या विश्वस्तांना माहीत असायला हवे.

आज आपल्या वस्त्यांत पुनर्विकासाच्या बैठका रोज होत आहेत. तिथे दोन प्रश्न हमखास विचारले जातात : कार्पेट किती मिळणार आणि भाडे किती देणार. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, गरिबाने ते आधी विचारलेच पाहिजेत. पण मंजूर नकाशा मागवून तिसराही विचारा : मोकळी जागा कुठे दाखवली आहे, जमिनीवर की छतावर, आणि तिच्यात झाडे किती? एकदा सही झाली की हा प्रश्न पुढची साठ-सत्तर वर्षे विचारता येणार नाही. तोपर्यंत आपली नातवंडे स्थलनामांचा धडा वाचत असतील.