दीर्घकालीन थकवा : संशोधनाची पारख

सहा महिन्यांहून अधिक टिकणारा, विश्रांतीने न ओसरणारा थकवा आणि थोड्याशा श्रमानेही, बहुधा दुसऱ्या दिवशी, उफाळून येणारा त्रास ही क्रॉनिक फटीग सिंड्रोमची मुख्य लक्षणे. खात्रीने निदान करील अशी रक्ताची चाचणी नाही. म्हणून या आजारावरील संशोधनात निष्कर्षाआधी रुग्ण कसे निवडले ते पाहावे लागते.

विट्यात यंत्रमागावर रात्रपाळ्या करून ‘अंगात त्राण नाही’ म्हणणारा कामगार आणि अंघोळ केली की दोन दिवस अंथरुणाला खिळणारी बाई, दोघांच्या तोंडी शब्द एकच : अशक्तपणा. रुग्ण निवडण्याच्या १९९१ च्या ऑक्सफर्ड निकषांत श्रमानंतरच्या त्रासाची अट नव्हती. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये ती आवश्यक ठरवली. जुन्या निकषांवरचे निष्कर्ष त्या बाईला लावताना हा फरक विसरून चालत नाही.

आपल्याकडचा मोलाचा अभ्यास गोव्याचा. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी हळदोणे परिसरातील १८ ते ५० वयाच्या २,४९४ स्त्रियांची पाहणी केली. ती २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. १२.१ टक्के स्त्रियांना दीर्घकाळ थकवा होता. ‘रक्त कमी असेल’ हे आपले ठरलेले उत्तर. पण हिमोग्लोबिनशी संबंध आढळला नाही. कर्ज, उपासमार, नवऱ्याकडून होणारी लैंगिक जबरदस्ती आणि मानसिक त्रास यांच्याशी मात्र आढळला. थकव्याची तक्रार ऐकताना घरची परिस्थिती विचारलीच पाहिजे, हे या पाहणीने आकड्यांनिशी दाखवले. तरीही तिच्यात मोजला गेला तो थकवा, हा सिंड्रोम नव्हे. शिवाय एकाच वेळच्या पाहणीतून कारण कोणते नि परिणाम कोणता हे ठरत नाही.

ब्रिटनमधील ६४१ रुग्णांची ‘पेस’ चाचणी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली. वाढता व्यायाम आणि विचार-वर्तन उपचार लाभदायक, असा तिचा दावा. प्रवेशासाठी शारीरिक क्षमतेचे गुण शंभरपैकी ६५ किंवा कमी हवे होते. २०१३ च्या निबंधात ‘बरे झाले’ म्हणायला ६० पुरेसे मानले. म्हणजे ६५ गुणांनी आत आलेला रुग्ण ६० वर घसरला, तरी या मोजपट्टीवर बरा! हा उंबरठा चाचणी सुरू झाल्यानंतर बदललेला होता. रुग्णांच्या पाठपुराव्यामुळे २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने माहिती खुली करायला लावली. मूळ निकषांनी पुन्हा मोजल्यावर बरे होण्याच्या प्रमाणात गटागटांतला लक्षणीय फरक उरला नाही. २०२१ मध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये असे सांगितले.

औषधांच्या चाचण्यांनाही अशीच पारख लागते. नॉर्वेत रिटुक्सिमॅब या औषधाने २०११ मध्ये ३० रुग्णांच्या छोट्या चाचणीत मोठी आशा दाखवली होती. २०१९ मध्ये १५१ रुग्णांवरील चाचणीचा निकाल आला. औषध घेतलेल्यांपैकी २६ टक्क्यांना, तर शिरेतून नुसताच औषधविरहित द्रव घेतलेल्यांपैकी ३५ टक्क्यांना बरे वाटले होते.