रानडे, महादेव गोविंद : न्यायासनावरील कारकीर्द व लोककार्य

(१८ जानेवारी १८४२–१६ जानेवारी १९०१). मुंबई इलाख्यातील न्यायाधीश, अर्थचिंतक आणि एकोणिसाव्या शतकातील पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचे प्रमुख सूत्रधार. ‘न्यायमूर्ती’ ही उपाधी त्यांच्या नावाचा भागच झाली असली, तरी मुंबई उच्च न्यायालयात ते केवळ अखेरची सात वर्षे होते. त्याआधीची सुमारे बावीस वर्षे पुणे, नाशिक, धुळे येथील खालच्या न्यायालयांत आणि दख्खनच्या जिल्ह्यांतील दौऱ्यांत गेली. चरित्रकार या काळावरून भराभर पुढे सरकतात. रानडे यांच्या अर्थविचाराची आणि लोककार्याची जडणघडण मात्र तिथेच झाली, म्हणून या नोंदीत त्यावर भर दिला आहे.

जन्म नाशिक जिल्ह्यातील निफाडचा. शिक्षण कोल्हापूर व मुंबई येथे. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक, पुढे एम.ए. (१८६४) आणि एलएल.बी. (१८६६) झाले. अक्कलकोट व कोल्हापूर संस्थानांतील अल्प नोकरी आणि एल्फिन्स्टन कॉलेजातील अध्यापन यांनंतर १८७१ मध्ये पुण्यास पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून त्यांची नेमणूक झाली.

त्या आधीच्याच वर्षी, २ एप्रिल १८७० रोजी, गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. सरकारी नोकर असल्याने रानडे यांना सभेत पुढारपण मिरवणे शक्य नव्हते. सभेचे अर्ज, निवेदने आणि १८७८ पासूनचे तिचे इंग्रजी त्रैमासिक यांमागे मात्र मुख्यत्वे त्यांचीच लेखणी होती. १८७६–७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. पिकाची स्थिती, सारा, मजुरीचे दर यांची छाननी करून मगच मागणी मांडायची, ही त्या निवेदनांची रीत आहे. पुरावा तपासल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, ही न्यायालयातली शिस्त तिच्यात स्पष्ट दिसते. याच वर्तुळातून पुण्यात लवाद कोर्टही उभे राहिले. लोकांनी आपसांतले तंटे कोर्टखर्चाविना मिटवावेत, असा त्यामागील हेतू होता. १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. स्वामी दयानंद सरस्वती त्याच वर्षी पुण्यात आले, तेव्हा त्यांच्या मिरवणुकीत विरोधकांनी चिखलफेक केली. न्यायाधीश असलेले रानडे त्या मिरवणुकीत पायी चालत होते.

सरकारचा संशय ओढवला नसता तरच नवल. १८७८ मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली. पुढच्या वर्षी, वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने व बुधवार वाड्याच्या आगीने पुणे हादरले असताना, त्यांना धुळ्यास पाठवण्यात आले. तेथे त्यांच्या टपालावर पाळत होती. बंडवाल्यांच्या नावे आलेली पत्रे रानडे स्वतःच पोलिसांकडे पाठवीत. काही काळाने संशय फिटला आणि १८८१ मध्ये त्यांना मुंबईस प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट नेमून लवकरच पुण्यास परत आणले गेले.

यानंतरचे काम त्यांच्या कारकिर्दीत सर्वांत महत्त्वाचे मानावे लागेल. त्याची पार्श्वभूमी अशी : मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुळांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो आसपासच्या गावांत व नगर जिल्ह्यात पसरला. लोकांचा रोख सावकाराच्या दप्तरावर होता. खते व रोखे हिसकावून त्यांनी जाळले. चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि तो पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या जिल्ह्यांना लागू झाला. तोवरची रीत अशी, की सावकाराने रोखा पुढे करावा, निरक्षर कुळाने कोर्टात हजरच राहू नये आणि एकतर्फी हुकूमनामा व्हावा. दाव्याची मुदत संपत आली की व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाई. नव्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाण्याचा अधिकार दिला. कर्ज मुळात किती होते, हाती रोकड किती पडली, फेड किती झाली, हे सारे त्याने शोधून काढायचे आणि फेडीसाठी हप्ते बांधून द्यायचे. कर्जापायी शेतकऱ्याला होणारी कैदही बंद झाली. लहान दाव्यांसाठी गावमुन्सफ आणि तडजोडीसाठी पंच नेमण्यात आले.

या कायद्याखालच्या बऱ्याच निकालांवर अपील नव्हते. त्याऐवजी तपासणी करून निकाल सुधारण्याचा अधिकार खास न्यायाधीशाला होता. खास न्यायाधीश डॉ. पोलन यांचे साहाय्यक म्हणून आणि १८८७ नंतर स्वतः खास न्यायाधीश म्हणून रानडे यांनी हे काम केले. मधल्या काळात ते पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश होते. तालुक्या-तालुक्याला जाऊन दप्तर तपासणे, कुळे व मुन्सफ यांच्याशी बोलणे, चुकलेले निकाल दुरुस्त करणे, असे त्या कामाचे स्वरूप होते. पत्नी रमाबाई दौऱ्यांत अनेकदा बरोबर असत.

कायद्याने सावकाराला आवर घातला, तरी शेतकऱ्याला बी-बियाणे आणि बैलांसाठी पैसा कोण देणार, हा प्रश्न उरतोच. रानडे यांनी तो सोडला नाही. त्यांचे स्नेही व न्यायखात्यातील अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली, तिला त्यांनी हिरिरीने पाठिंबा दिला. लंडनहून ती नामंजूर झाली. १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद सुरू झाल्यावर शेतीच्या पतपुरवठ्याचा विषय त्यांनी तिथेही मांडला. त्यांच्या अर्थशास्त्रीय निबंधांना पाठ्यपुस्तकी विलायती सिद्धांत पुरत नाहीत, याचे कारण या दप्तर-तपासणीत आहे.

स्त्रीशिक्षणाच्या कामात भांडारकर, वामन आबाजी मोडक आदींबरोबर १८८४ मध्ये पुण्यात स्थापलेली मुलींची शाळा, म्हणजे आजची हुजूरपागा, हे ठळक उदाहरण. १८८७ पासून भरणाऱ्या सामाजिक परिषदेचेही ते आधारस्तंभ होते. त्यांच्या वागण्यातील विसंगतीही नोंदवली पाहिजे. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८७३ मध्ये, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असूनही, वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून उठलेल्या वादात १८९२ मध्ये प्रायश्चित्तही घेतले. या दोन्ही प्रसंगी त्यांच्यावर झालेली टीका रास्त होती.

काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागी १८९३ मध्ये त्यांची उच्च न्यायालयात नेमणूक झाली. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभारले आणि १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. धुळ्याचे दिवस आणि जिल्ह्यांचे दौरे यांविषयी जवळून लिहिलेला मजकूर त्यात आहे. रानडे यांची चरित्रे वाचण्याआधी वाचकाने ते पुस्तक वाचावे.