मणक्यांची साक्ष

कोलंबसानंतर युरोपीय जहाजांतून देवी आणि गोवर अमेरिकेत उतरले आणि तिथली गावेच्या गावे ओस पडली, हे आपण सर्वांनी वाचलेले असते. त्याच यादीत मी क्षयालाही बसवत आलो होतो. माझी ही समजूत पेरूमधल्या हाडांनी मोडली.

क्षय हाडांत उतरला की बहुधा पाठीचा कणा धरतो. मणक्याचा पुढचा भाग पोखरून ढासळतो, मागचा टिकून राहतो आणि पाठीला टोकदार कुबड येते. इंग्रज शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये या विकाराचे वर्णन केले. १९७३ मध्ये नाझ्का संस्कृतीतल्या एका मुलाच्या ममीत असाच कणा आढळल्याचे प्रसिद्ध झाले. काळ इ. स. ७००च्या सुमाराचा. शंका मात्र उरली, कारण काही बुरशीजन्य रोगही हाडे पोखरतात. १९९४ मध्ये ती फिटली. दक्षिण पेरूत सुमारे हजार वर्षांपूर्वी मरण पावलेल्या एका स्त्रीच्या फुप्फुसाजवळील गाठीतून विल्मार सालो, आर्थर ऑफडरहाइड आणि सहकाऱ्यांनी क्षयजंतूचा डीएनए मिळवला. म्हणजे कोलंबसाच्या कितीतरी आधी क्षय तिथे होता.

मग तो आला कुठून? २०१४ मध्ये चिरिबाया लोकांच्या तीन सांगाड्यांतील जंतूंचा जनुकसंच वाचला गेला. त्याचे जवळचे नाते निघाले ते सील आणि सी-लायन यांच्यात आज आढळणाऱ्या क्षयजंतूशी! याच अभ्यासाच्या हिशेबाने क्षयजंतूंच्या या कुळाचा सामाईक पूर्वज सहा हजार वर्षांच्या आतला ठरतो. तोवर आशिया-अमेरिका जोडणारी बेरिंगची वाट पाण्याखाली गेली होती. म्हणून सीलच हा रोग समुद्रापार घेऊन आले असावेत, असे संशोधक मानतात. किनाऱ्यावरचे लोक या प्राण्यांची शिकार करीतच असत. पुढे २०२२ मध्ये समुद्रापासून दूरच्या सांगाड्यांतही, अगदी कोलंबियातल्याही, याच कुळातले जंतू सापडले.

याने युरोपीयांच्या पदरचे माप हलके होत नाही. आज अमेरिकेतील माणसांत आढळणारे क्षयजंतू बहुतांशी युरोपीय वंशाचेच आहेत. जुना वाण मागे पडला. पण ‘गोरे येण्यापूर्वी ही माणसे निरोगी होती’ हे आपले भाबडे चित्र पुसावे लागते.

हाडे मोजताना आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. क्षय फार थोड्या रोग्यांच्या हाडांपर्यंत पोचतो, आणि पोचायला वेळ घेतो. जो लवकर मेला, त्याचा सांगाडा निर्दोष दिसतो. ज्याचा कणा ढासळला, तो रोगाशी दीर्घकाळ झगडत जगलेला असतो. म्हणून स्वच्छ हाडांच्या दफनभूमीला मी आता आरोग्याचा दाखला मानत नाही. आणि नाझ्काच्या त्या मुलाचा विचार करताना मनात येते, कणा वाकेपर्यंत त्याला कोणीतरी भरवले, उचलून घेतले असणार. त्या हातांची खूण मात्र हाडांवर राहत नाही.